साउथ फोर्कचें धरण

मातीचें धरण बांधणें ही मनुष्याच्या अगदीं जुन्या विद्यांपैकीं एक आहे. ओढ्याच्या वाटेंत मातीचा ढीग घालावा, तो तुडवून घट्ट करावा, आणि पावसाळ्यांतलें पाणी उन्हाळ्यासाठीं राखून ठेवावें, ही युक्ति ज्याला प्रथम सुचली त्याचें नांव इतिहासाला ठाऊक नाहीं. पण पहिल्याच पावसाळ्यांत त्याला जी गोष्ट कळून चुकली असेल, ती आजच्या इंजिनियरालाहि तितकीच लागू आहे : माती पाणी अडविते, परंतु पूर्णपणें अडवीत नाहीं. कितीहि चोख बांधलेलें मातीचें धरण असो, त्याच्या पोटांतून थोडें पाणी पलीकडे जातेंच. त्याला आपण पाझर म्हणतों. पाझर असणें हा धरणाचा दोष नव्हे. तो मातीचा स्वभाव आहे. प्रश्न एवढाच कीं, तो कोठून येतो, किती येतो, आणि येतांना बरोबर काय घेऊन येतो.

आमच्या लहानपणीं गांवच्या तळ्यावर एक म्हातारा राखणदार असे. रोज सकाळीं तो फेरी घाली ती बांधाच्या माथ्यावरून नव्हे, तर पायथ्यानें. कोठें गवत इतरांहून अधिक हिरवें दिसतें, कोठें पाय ओला होतो, कोठें घुशींनीं बीळ केलें आहे, इकडे त्याचें लक्ष असे. नवी ओल दिसली कीं तेथलें पाणी तो ओंजळींत घेऊन उजेडाकडे धरी. पाणी स्वच्छ असलें तर पुढें चालूं लागे. गढूळ असलें तर तडक वर्दी देण्यास जाई. आम्हां मुलांना ही त्याची लहर वाटे. पुढें वाचन झालें तेव्हां कळलें कीं, त्या निरक्षर मनुष्याच्या ओंजळींत एक सबंध शास्त्र होतें. स्वच्छ पाझर म्हणजे पाणी मातीच्या कणांमधून वाट काढीत आहे, परंतु कण जागेवरच आहेत. गढूळ पाझर म्हणजे पाणी धरणाच्या पोटांतील माती घेऊन बाहेर पडत आहे. एक कण गेला कीं पाण्याची वाट तेवढी रुंद होते. वाट रुंद झाली कीं वेग वाढतो. वेग वाढला कीं आणखी कण सुटतात. अशा रीतीनें बाहेरच्या तोंडापासून जलाशयाच्या दिशेनें एक पोकळी मागें मागें सरकत जाते. ती पाण्याला जाऊन मिळाली म्हणजे धरणाचें उरलेलें आयुष्य तासांनींच मोजावें लागतें.

या रोगावर उपाय आहेत. पाझर बाहेरून दाबून बंद करणें हा मात्र उपाय नव्हे, कारण कोंडलेलें पाणी दुसरीकडे तोंड काढतें. पाण्याला जाऊं द्यावें पण मातीला अडवावें, अशा बेतानें वाळूचे व खडीचे थर देणें हा खरा उपाय. आणि त्या थरांच्या कणांचें प्रमाण किती असावें याचा नियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत टेरझागी या पंडितानें घालून दिला. परंतु मोठें भगदाड बुजवावयाचें असेल, धरणाचें पोट उकलून पाहावयाचें असेल, तर प्रथम जलाशयांतलें पाणी खालीं उतरवावें लागतें. आणि त्यासाठीं धरणाच्या तळाशीं मोरी असावी लागते. पाणी उतरविल्यावांचून दुरुस्ती नाहीं, आणि मोरीवांचून पाणी उतरत नाहीं. इतकी साधी गोष्ट सुशिक्षित, श्रीमंत आणि व्यवहारचतुर माणसें कशी विसरतात, व त्यांना तिची आठवण करून दिली असतां काय उत्तर देतात, याची एक कथा अमेरिकेच्या इतिहासांत नमूद आहे. ती आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

पेन्सिल्व्हेनिया संस्थानानें १८३४ सालीं फिलाडेल्फिया व पिट्सबर्ग या दोन शहरांना जोडणारा एक मोठा जलमार्ग पुरा केला. मधल्या ॲलेघेनी डोंगरावरून होड्या व माल रुळांवरून ओढून नेत, आणि पश्चिमेच्या पायथ्याशीं जॉन्सटाउन या गांवीं पुन्हां कालव्यांत सोडीत. उन्हाळ्यांत या कालव्याला पाणी कमी पडे. म्हणून जॉन्सटाउनच्या वर सुमारें १४ मैलांवर, साउथ फोर्क नांवाच्या ओढ्यावर एक जलाशय बांधावा असें ठरलें. विल्यम मॉरिस या इंजिनियरानें त्याचा आराखडा केला. मध्यंतरीं सरकारची तिजोरी रिकामी झाल्यामुळें काम कित्येक वर्षें पडून राहिलें, आणि तें पुरें झालें १८५३ सालीं. दैवाचा विनोद असा कीं, पुढच्याच वर्षीं रेल्वे कंपनीनें आपला लोहमार्ग डोंगर ओलांडून पार नेला. कालव्याचें कामच संपलें. १८५७ सालीं सरकारनें सगळा जलमार्ग त्या रेल्वे कंपनीला विकून टाकला, आणि त्याबरोबर हें नवें कोरें धरणहि गेलें. ज्याच्यासाठीं तें जन्मास आलें तें प्रयोजनच नाहींसें झालें होतें.

तरी धरण वाईट बांधलेलें नव्हतें, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. त्याची उंची ७२ फूट व लांबी सुमारें ९३० फूट होती. चिकणमातीचे थर एकावर एक घालून ते पाण्यानें भिजवून घट्ट बसविले होते, आणि उतारांवर दगडांचें अस्तर होतें. एका टोंकाला खडक फोडून सांडवा काढलेला होता. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तळाशीं दगडी मोरींत दोन दोन फूट व्यासाचे पांच लोखंडी नळ बसविले होते. त्यांच्या झडपा उघडल्या म्हणजे तळें केव्हांहि उतरवितां येई. ज्यांनीं हें धरण आंखलें त्यांना म्हातारपणाची कल्पना होती. त्यांनीं दुरुस्तीची वाट मोकळी ठेवली होती.

परंतु निरुपयोगी वस्तूकडे कोण पाहणार? रेल्वे कंपनीला त्या तळ्याचा उपयोग नव्हता. १८६२ सालीं मोरीच्याच वर धरण खचलें व मधोमध एक मोठें खिंडार पडलें. तळें त्या वेळीं भरलेलें नव्हतें आणि राखणदारानें झडपा उघडून दिल्या होत्या. त्यामुळें खालच्या लोकांचें फारसें नुकसान झालें नाहीं. नुकसान झालें नाहीं म्हणून कोणी धडाहि घेतला नाहीं. मोडकें धरण सतरा वर्षें तसेंच पडून राहिलें. १८७५ सालीं तें एका गृहस्थानें अडीच हजार डॉलरांना विकत घेतलें आणि चार वर्षांनीं त्याहून कमी किंमतीस विकून टाकलें. पण मध्यंतरीं ते पांच लोखंडी नळ काढले गेले आणि भंगाराच्या भावानें विकले गेले. थोडक्या डॉलरांसाठीं धरणाची मोरी गेली. या कथेंतला खरा अपघात येथें घडला असें आम्हांस वाटतें. पुढें दहा वर्षांनीं घडला तो त्याचा परिणाम.

१८७९ सालीं बेंजामिन रफ या उद्योगी गृहस्थाच्या पुढाकारानें तेथें मासेमारीचा व शिकारीचा एक क्लब स्थापन झाला. पिट्सबर्गचे पोलादाचे, कोळशाचे व पेढ्यांचे धनी त्याचे सभासद झाले. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन हीं नांवें त्यांत आहेत. या लोकांना उन्हाळ्यांत राहावयास एक सुंदर सरोवर पाहिजे होतें. सरोवरासाठीं धरण बुजवावयास पाहिजे होतें. तें काम ज्याच्याकडे दिलें तो धरणाच्या विद्येंत शिकलेला नव्हता. खिंडारांत दगड, माती, झाडांच्या फांद्या, गवत, लीद, जें हातीं लागेल तें भरण्यांत आलें. १८७९ च्या नाताळांत मोठा पाऊस आला आणि बराचसा भराव वाहून गेला, पुन्हां भरला. मोरी पुन्हां बसविली नाहीं. धरणाच्या माथ्यावरून दोन गाड्या शेजारून जाव्यात एवढा रस्ता पाहिजे, म्हणून माथा दोनतीन फूट खालीं उतरविला. तळ्यांत महागामोलाचे मासे आणून सोडले होते, ते सांडव्यांतून निसटूं नयेत म्हणून सांडव्याला लोखंडी जाळ्या लावल्या. प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर क्षुल्लक. आणि प्रत्येक गोष्टीचा परिणाम एकच : पुराच्या वेळीं पाण्याला बाहेर जाण्याची वाट कमी.

खालीं जॉन्सटाउन आतां खेडें राहिलें नव्हतें. तेथें केंब्रिया लोखंड कंपनीचा प्रचंड कारखाना उभा होता, आणि त्या खोऱ्यांत पुढें सुमारें तीस हजार माणसांची वस्ती झाली. कंपनीचा कारभारी डॅनियल मॉरेल हा दूरदृष्टीचा मनुष्य होता. १८८० च्या नोव्हेंबरांत, दुरुस्तीचें काम चालू असतांनाच, त्यानें आपला इंजिनियर जॉन फुल्टन यास धरण पाहून येण्यास पाठविलें. फुल्टननें पायथ्याशीं जाऊन पाहिलें, आणि परत येऊन दोन दोष लेखी कळविले. पहिला, तळें उतरविण्यास मोरी नाहीं, त्यामुळें पुढें दुरुस्ती करावी म्हटलें तर करतां येणार नाहीं. दुसरा, खिंडाराची दुरुस्ती भक्कम नाहीं; त्यांतून मोठी गळती चालू आहे, आणि ती नव्या भरावाला कापीत चालली आहे असें दिसतें.

वाचकांनीं या दोन वाक्यांची जोडी ध्यानांत घ्यावी. गळती आहे हें एक. आणि ती थांबविण्याचें साधन नाहीं हें दुसरें. रोग आहे, आणि रोग्याला तपासण्यासाठीं निजवितां येत नाहीं. धरणाविषयीं याहून स्पष्ट निदान कोणत्या वैद्यानें केलें असतें?

हा अभिप्राय मॉरेलनें रफकडे धाडला. रफचें उत्तर इतिहासप्रसिद्ध आहे. फुल्टनच्या अहवालांतल्या तपशिलाच्या चुका त्यानें काढल्या. ज्याचा तपशील चुकतो त्याचें अनुमानहि तितकेंच किंमतीचें, असा युक्तिवाद केला. आणि शेवटीं मॉरेलला व त्याच्या माणसांना या क्लबाच्या उद्योगापासून मुळींच धोका नाहीं, असें अभिवचन दिलें. मॉरेलचें समाधान झालें नाहीं. त्यानें पुन्हां लिहिलें, हें धरण खालच्या लोकांना कायमचें भय होऊन बसेल असें बजाविलें, आणि तें पक्कें करावयाचें असेल तर आपली कंपनी खर्चाचा वांटा उचलील, असेंहि कळविलें. तें देणें नाकारण्यांत आलें. पुढें मॉरेलनें स्वतः क्लबाचें सभासदत्व घेतलें; १८८५ सालीं तो वारला. दोन वर्षांनीं रफहि वारला. ज्या दोघांमध्यें गळतीचा वाद झाला ते दोघेहि गेले, आणि गळती मागें राहिली.

रफला दुष्ट ठरविणें सोपें आहे. पण त्यानें आपलें काम भागणार नाहीं. तो लबाड होता असें म्हणण्यास आधार नाहीं. बहुधा त्याचा आपल्या धरणावर खरोखरच विश्वास होता. त्याची चूक निराळी होती. त्याला पाझराचा प्रश्न विचारण्यांत आला, आणि त्यानें प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर दिलें. पाझराला दिलें नाहीं. पाझराला उत्तर देणें म्हणजे पाणी उतरवून, भराव उकलून, आंत काय आहे तें पाहणें. तसें केल्यावांचून दिलेलें अभिवचन, तें कितीहि प्रामाणिक असो, केवळ शब्द होत. आणखीहि एक गोष्ट आहे. धरण ज्यांचें होतें ते त्याच्या वर राहत होते. त्याचा धोका ज्यांना होता ते खालीं राहत होते. वरून पाहणाऱ्याला सरोवर दिसतें. धरण पाहावयाचें तर पायथ्याशींच जावें लागतें.

पुढें आठ वर्षें धरण टिकलें, आणि हीं आठ वर्षें सर्वांत घातक ठरलीं. जवळ जवळ दरवर्षीं पावसाच्या दिवसांत धरण फुटणार अशी आवई उठे. धरण फुटत नसे. आणि लोक हंसून आपल्या कामाला लागत. अशा रीतीनें जो इशारा खरा होता तो वारंवार ऐकून खोटा झाला.

१८८९ सालच्या मे महिन्याच्या ३० तारखेस रात्रीं त्या डोंगरांत विलक्षण पाऊस पडला. चोवीस तासांत ६ ते १० इंच पडला असा अंदाज आहे. ३१ तारखेस सकाळीं तळें झपाट्यानें चढूं लागलें. क्लबाचा अध्यक्ष एलायस अंगर व जॉन पार्क नांवाचा तरुण इंजिनियर हे त्या दिवशीं तेथें होते, आणि त्यांनीं प्रयत्नांत कसूर केली नाहीं. मजूर लावून माथ्यावर नांगरानें माती ओढून उंची वाढवूं पाहिली. दुसऱ्या टोंकाला नवा सांडवा खणूं लागले, तों थोड्याच खोलीवर खडक लागला. सांडव्याच्या जाळ्या काढूं गेले, तों त्या वाहून आलेल्या ओंडक्यांनीं व पाल्यानें गच्च झाल्या होत्या. मोरी असती तर झडपा उघडल्या असत्या. पण मोरी भंगारांत गेल्याला दहा वर्षें होऊन गेलीं होतीं. दुपारच्या सुमारास पार्क घोड्यावरून खालच्या गांवीं गेला आणि तारेनें इशारा पाठविण्याची व्यवस्था केली. जॉन्सटाउनपर्यंत इशारे पोंचले. पण तेथें तेव्हां रस्त्यांतून नेहमींच्याच पुराचें पाणी शिरलेलें होतें, आणि धरणाची आवई तर दरवर्षींचीच.

माथा मध्यभागीं, म्हणजे जेथें जुनें खिंडार बुजविलें होतें तेथेंच, खचलेला होता. पाणी तेथूनच वरून वाहूं लागलें, बाहेरचा उतार धुपत गेला, आणि तीनच्या सुमारास धरणाचा मधला भाग एकदम सरकला. सुमारें दोन कोटि टन पाणी खोऱ्यांतून निघालें. वाटेंतलीं खेडीं, झाडें, आगगाडीचीं इंजिनें, काटेरी तारांचीं भेंडोळीं, सगळें घेऊन तें चार वाजून सात मिनिटांनीं जॉन्सटाउनवर आलें. शहराच्या खालच्या अंगास रेल्वेचा एक दगडी पूल होता; त्याच्याशीं हा सारा ढिगारा अडकला, आणि रात्रीं त्याला आग लागली. पाण्यांतून वांचलेले कित्येक तेथें जळून मेले. मेलेल्यांचा आंकडा २,२०९ धरतात. ९९ कुटुंबें समूळ नाहींशीं झालीं. ७७७ प्रेतें कोणाचीं तें कधींच ओळखूं आलें नाहीं.

पुढें चौकशी झाली आणि खटलेहि झाले. अमेरिकेच्या इंजिनियरांच्या संस्थेनें नेमलेल्या समितीचा अहवाल १८९१ सालीं प्रसिद्ध झाला. क्लबानें केलेले फेरबदल त्यांत नमूद आहेत, परंतु मूळच्या आराखड्याप्रमाणें धरण असतें तरीहि एवढ्या पावसांत पाणी माथ्यावरून गेलेंच असतें, असा निष्कर्ष काढला आहे. हा निष्कर्ष सव्वाशें वर्षें प्रमाण मानला गेला. २०१६ सालीं पेन्सिल्व्हेनियांतील संशोधकांनीं पाण्याचा हिशेब नव्यानें मांडून दाखविलें कीं, माथा उतरविला नसता आणि पाण्याच्या वाटा मूळच्याप्रमाणें असत्या, तर धरण त्या वादळांतून निभावलें असतें. न्यायालयांत मात्र क्लबाविरुद्ध एकाहि वारसाला भरपाई मिळाली नाहीं. ही दैवी आपत्ति ठरली.

येथें कायद्याच्या इतिहासांतली एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडांत लँकेशायरमध्यें एका गिरणीमालकानें जलाशय बांधला, त्याचें पाणी जुन्या भुयारांतून झिरपून शेजारच्या कोळशाच्या खाणींत शिरलें, आणि १८६८ सालीं लॉर्डांच्या सभेनें असा निकाल दिला कीं, सुटलें तर अपाय करील अशी वस्तु जो आपल्या जमिनींत आणून सांठवितो, त्यानें ती आपल्या जबाबदारीवर सांठवावी. हयगय सिद्ध करण्याची गरज नाहीं. हाच तो रायलंड्स व फ्लेचर यांचा सुप्रसिद्ध खटला. तोहि मुळीं एका पाझराचाच. अमेरिकेंतील पुष्कळ न्यायालयांनीं हें तत्त्व तोंवर दूर ठेवलें होतें. जॉन्सटाउननंतर त्यांचें मत हळूहळू पालटूं लागलें. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं धोक्याच्या उद्योगांपुरतें त्याच्याहि पुढचें पाऊल टाकलें आहे.

कोणी म्हणेल, धरण गेलें तें माथ्यावरून पाणी गेल्यानें, गळतीनें नव्हे. मग फुल्टनच्या गळतीचा एवढा बाऊ कां? हें म्हणणें शब्दशः बरोबर आहे. पण गळती ही साक्षीदार होती. नव्या भरावाला जुना बांध घट्ट धरीत नाहीं, हें ती सांगत होती; आणि तोच भराव पुढें खचला व पाण्याला वाट देऊन बसला. धरण उतरवितां येत नाहीं हेंहि तिच्यामुळेंच उघडकीस आलें. आणि त्या शेवटच्या सकाळीं तीच गोष्ट नडली. साक्षीदारानें जें सांगितलें तें खरें होतें. त्याला खोटें पाडण्यांत सगळी बुद्धि खर्च झाली.

ही गोष्ट परदेशची आणि जुनी म्हणून बाजूस ठेवण्याजोगी नाहीं. भारतांत सर्वांत अधिक मोठीं धरणें महाराष्ट्रांत आहेत, आणि त्यांतलीं बहुसंख्य मातीचीं आहेत. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा दिवस पुण्याच्या जुन्या कुटुंबांतून अजून सांगितला जातो. तें धरण नवें होतें, पण त्याच्याहि मोरीचें काम पुरें झालेलें नव्हतें. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूणजवळचें तिवऱ्याचें मातीचें धरण फुटलें आणि सुमारें वीस माणसें गेलीं. गळतीची तक्रार आपण आधींच केली होती, असें तेथील गांवकऱ्यांनीं सांगितलें. २०२१ सालीं केंद्र सरकारनें धरणांच्या सुरक्षिततेचा कायदा केला, त्यांत तपासणीची व देखरेखीची सक्ति आहे. कायदा हवाच होता. परंतु तपासणीचा कागद आणि पायथ्याशीं जाऊन ओंजळींत घेतलेलें पाणी यांत जें अंतर आहे, तें कायद्यानें भरून निघत नाहीं. तें माणसानें चालून जाऊन भरावें लागतें.

साउथ फोर्कच्या धरणाचीं दोन्ही टोंकें अजून उभीं आहेत. मधला भाग नाहीं. अमेरिकेच्या सरकारनें तें स्थळ स्मारक म्हणून राखलें आहे, आणि दोन टोंकांमधून तो ओढा पूर्वीसारखाच वाहतो. खालीं जॉन्सटाउनच्या दफनभूमींत नांव नसलेल्या संगमरवरी शिळांच्या रांगा आहेत. त्या शिळांखालीं कोण आहे तें कोणास ठाऊक नाहीं; पण फुल्टननें काय लिहिलें होतें, आणि त्याला काय उत्तर मिळालें होतें, तें आजहि वाचावयास मिळतें.